जुन्या आकड्याला कंस

अण्णांच्या टेबलावर खोडरबर नसायचा. शाईवर लावायचं व्हाइटनर बाजारात आलं तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलींच्या दप्तरात त्याची बाटली होती. मी मागितली तर अण्णा म्हणाले, "ते आपल्या घरात नको." आवाज चढवून नाही; उन्हात चपला घालून जा म्हणावं तितक्या सहज.

अण्णा तलाठी होते. माण तालुका आणि आसपासचा दुष्काळी पट्टा यातच त्यांची सगळी नोकरी झाली. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यांचा तो काळ. सातबाऱ्यावरचं एखादं नाव कमी करायचं झालं तर ते खोडत नसत. नावाला कंस करायचा, नवं नाव लिहायचं आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर टाकायचा. म्हातारा खातेदार वारला, तीन मुलगे आणि एक मुलगी वारस लागली. चौघांची नावं आली, म्हाताऱ्याचं नाव कंसात गेलं, पण वाचता येईल असं राहिलं. ते कंसात का गेलं हे हवं असेल तर वर्तुळातला नंबर घ्यायचा आणि गाव नमुना सहा उघडायचा. ती फेरफार नोंदवही. तिच्यात त्या नंबरपुढे हक्काचा प्रकार, कोणत्या गटांवर परिणाम झाला ते, आणि शेवटच्या रकान्यात नोंद तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा आणि सही. लहानपणी मी त्या वह्यांच्या वासात अभ्यास केला आहे, पण त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. बघितलं ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, काळ्या पडद्यासमोर बसून, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी गिट नावाची गोष्ट शिकताना.

मी एका छोट्या संस्थेत विहिरींच्या पाण्याच्या नोंदी ठेवते. बारा गावं, एकतीस विहिरी. मे अखेरीस एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा प्रत्येक विहिरीवर जाऊन टेप सोडायचा. टेप कठड्यापासून पाण्यापर्यंत मोजतो. जमिनीपासून पाणी किती खोल आहे हे काढायला त्यातून कठड्याची उंची वजा करावी लागते. हे सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे. वर्षानुवर्षं या नोंदी एक्सेलमध्ये होत्या. मग काम वाढलं, दोघी-तिघी जणी एकच फाइल हाताळू लागल्या, आणि ऑफिसात संगणकाचं बघणारी एक मुलगी आली. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. ती म्हणाली, "ताई, हे सगळं साध्या सीएसव्ही फाइलीत घेऊ, आणि तुम्ही टर्मिनल शिका. भीती वाटेल, पण आठवडाभरच."

भीती वाटली. पण ती नेमकी कशाची होती हे आता सांगता येतं. माउसच्या जगात पडदा आपल्याला पर्याय दाखवतो आणि आपण त्यातला एक निवडतो. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायचा तो काळा पडदा, काहीच दाखवत नाही. एक खूण लुकलुकत असते आणि बोलायची पाळी आपली असते. कुणीतरी आपल्यासमोर गप्प बसून आपल्या पहिल्या वाक्याची वाट बघावं, तसं ते वाटतं.

पहिलं वाक्य तिने दिलं. "ताई, पीडब्ल्यूडी मारा." आमच्याकडे पीडब्ल्यूडी म्हणजे रस्ते-पूल बांधणारं खातं, इथे त्याचा अर्थ, मी आत्ता कुठे उभी आहे. उत्तर आलं: मुळापासून माझ्या फोल्डरपर्यंतची वाट, तिरक्या रेघांनी तोडलेली. मग एलएस, म्हणजे इथे काय काय आहे. मग सीडी आणि फोल्डरचं नाव, म्हणजे तिथे चल. सीडी आणि दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. पहिल्या दिवशी एवढंच. संध्याकाळी घरी जाताना मला जाणवलं की इतकी वर्षं माझ्या फाइली नेमक्या कुठे आहेत हे मला माहीतच नव्हतं. त्या "डेस्कटॉपवर" होत्या, "डाउनलोडमध्ये" होत्या, पण त्या दोन्ही जागा एका झाडाच्या फांद्या आहेत आणि त्या झाडाला एकच मूळ आहे, हे चित्र माझ्या डोक्यात कधी उभंच राहिलं नव्हतं. गट नंबर माहीत आहे पण गावाचा नकाशा कधी बघितला नाही, अशी ती अवस्था. नव्याने शिकणाऱ्याला मी आता हेच सांगते: पहिले दोन दिवस काहीही बनवू नका, नुसतं हिंडा. शिव बघून घ्या.

नावं इतकी तुटकी का, हा प्रश्न मला सतावत होता. एलएस, सीपी (प्रत काढ), एमव्ही (हलव), आरएम (काढून टाक). उत्तर इतिहासात आहे. या कमांड ज्या संगणक प्रणालीतून आल्या ते युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्माला आलं, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून. तेव्हा त्यांच्यासमोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता: टंकलेखनासारखं यंत्र, कागदावर ठकठक छापणारं. त्या काळचं मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, आणि त्याची कळ दाबायला बोटाला जोर लागायचा. अशा यंत्रावर प्रत्येक अक्षराची किंमत मोजावी लागते. म्हणून नावं दोन अक्षरांची, आणि म्हणूनच काम नीट झालं तर उत्तरादाखल काहीही छापलं जात नाही. फाइल हलवली, शांतता. फोल्डर बनवलं, शांतता. मला सुरुवातीला हा अबोला टोचायचा. काम झालं की नाही, बाई? पण हळूहळू त्या शांततेची सवय झाली, आणि आता "यशस्वीरीत्या जतन केले" असं सांगणाऱ्या खिडक्यांचा गोंगाट वाटतो.

दुसरी एक गोष्ट मी अजून मनापासून उपभोगते, ती पाइप. एका कमांडच्या तोंडातून निघालेलं दुसरीच्या तोंडात सोडायचं, मध्ये फक्त एक उभी रेघ. बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांनी ही कल्पना १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवली होती, बागेतल्या रबरी नळीला पुढची नळी जोडावी तशा प्रोग्रामांच्या जोडण्या हव्यात म्हणून. युनिक्समध्ये ती १९७३ साली आली. मी पहिला पाइप केला तो असा: कट वापरून फाइलीतला विहिरीच्या नावाचा रकाना काढला, तो सॉर्टमध्ये सोडला, आणि सॉर्टमधून युनिक या कमांडमध्ये, सोबत मोजून दे असं सांगून. (सॉर्ट आधी हवाच, कारण युनिक फक्त लगतच्या ओळी ताडून बघतं.) दोन सेकंदांत प्रत्येक विहिरीच्या किती नोंदी आहेत याची यादी समोर आली. त्यात "कऱ्हाडकरांची विहीर" दोनदा होती. एकीच्या १४ नोंदी, दुसरीच्या ९. नावं डोळ्यांना अगदी सारखी.

अर्धा दिवस त्यात गेला, पण तो अर्धा दिवस मला प्रिय आहे. मराठीतला तो अर्धा र, कऱ्हाडमधला, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला स्वतंत्र र आणि हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. फोनवरच्या कीबोर्डने एक लिहिलं होतं, ऑफिसातल्या संगणकाने दुसरं. छापल्यावर दोन्ही एकच दिसतात. आमच्या फाइलीत ही विहीर किती तरी महिने दुभंगलेली होती, तिची सरासरी चुकत होती, आणि कुणाच्याही डोळ्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. एक्सेलमध्ये मी हजार वेळा ती फाइल उघडली होती.

या आनंदाच्या भरातच ती चूक झाली. मला फाइल गावांच्या नावाप्रमाणे लावून हवी होती. सॉर्ट येत होतं. उजवीकडे टोक असलेला बाण दिला की उत्तर पडद्यावर न येता फाइलीत जातं, हेही शिकले होते. म्हणून लिहिलं: सॉर्ट, फाइलीचं नाव, बाण, आणि पुन्हा त्याच फाइलीचं नाव. एंटर मारला. शांतता. मी ती शांतता यशाची समजले.

फाइल रिकामी होती. शून्य ओळी. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, काय करतो, तर बाणाच्या टोकापुढची फाइल आधी उघडून रिकामी करतो, मग सॉर्टला कामाला लावतो. सॉर्ट वाचायला जातो तेव्हा वाचायला काही उरलेलंच नसतं. निकाल दुसऱ्या नावाच्या फाइलीत घ्यायचा असतो, किंवा सॉर्टलाच उणे-ओ देऊन सांगायचं असतं की लिहिणं तू कर. मग तो आधी सगळं वाचतो आणि नंतरच लिहितो. आणि इथे कचऱ्याची टोपली नसते. आरएमने काढलेली फाइल किंवा बाणाने पुसलेली फाइल कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसत नाही.

एक्सेलमधून फाइल काढल्याला तीन आठवडे झाले होते, आणि त्या तीन आठवड्यांत मी बरंच काम केलं होतं. मोजणीच्या वह्या कपाटात होत्या. एक्सेलची जुनी फाइल होती. आकडे परत भरता आले, चार दिवस लागले. पण जे गेलं ते वेगळंच होतं. त्या तीन आठवड्यांत मी गावोगावी फोन करून शंका विचारल्या होत्या आणि उत्तरं ऐकून आकडे दुरुस्त केले होते. "ताई, त्या दिवशी मोटर चालू होती, म्हणून पाणी खाली दिसलं." "ती थोरली विहीर नव्हं, तिच्या वरच्या अंगाची." हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. आकडा बदलला की झालं, असं वाटलं होतं. आकडा बदलण्याचं कारण फाइलीत नव्हतं, वहीत नव्हतं, फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि डोक्यात ते धड राहिलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि अंथरुणात पडल्यापडल्या मला वर्तुळातले नंबर आठवले. फाउंटन पेनाने काढलेली ती लहान वर्तुळं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटलं, गिट आजच शिकव.

गिट इनिट मारलं की फोल्डरात एक लपलेलं फोल्डर तयार होतं, टिंबाने सुरू होणारं. सगळं दप्तर त्यात राहतं. त्यानंतर रोजच्या वापराच्या कमांड चार-पाचच. गिट स्टेटस म्हणजे काय बदललंय सांग. गिट डिफ म्हणजे नेमकं काय बदललंय ते ओळीओळीने दाखव. गिट ॲड म्हणजे यातलं एवढं आजच्या नोंदीत घ्यायचं आहे. गिट कमिट म्हणजे नोंद कर, आणि त्यासोबत एक संदेश लिही. गिट लॉग म्हणजे आजवरच्या नोंदी वाचून दाखव. नवशिक्यांना सगळ्यात गोंधळात टाकतं ते ॲड. थेट नोंद का नाही करायची, मध्ये ही पायरी कशाला? मला ते कळलं अण्णांच्या कामावरून. एका दिवशी चावडीत खरेदीखतही येतं आणि वारसाची वर्दीही येते. दोन्ही एकाच फेरफारात कुणी घालत नाही. कागद वेगळे करायचे, एका नोंदीला एक नंबर. ॲड म्हणजे टेबलावरच्या ढिगातून या नोंदीचे कागद बाजूला काढणं. मी कठड्याची उंची दुरुस्त केली आणि गावाच्या नावाची वेलांटीही सुधारली, तर ती दोन कमिट. सहा महिन्यांनी एक बदल मागे घ्यावासा वाटला तर दुसरा सोबत ओढला जाऊ नये म्हणून.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. गिट ओळी ताडून बघतं, म्हणून साध्या मजकुराच्या फाइली त्याला मानवतात. सीएसव्हीत एका नोंदीला एक ओळ असते. एक आकडा बदलला तर जुनी ओळ उणे खूण घेऊन लाल आणि नवी ओळ अधिक खूण घेऊन हिरवी दिसते. एक्सेलची फाइल ही आतून दाबून बांधलेलं गाठोडं असते. गिट ती सांभाळतं, पण दोन आवृत्त्यांत काय फरक आहे विचारलं तर फाइली वेगळ्या आहेत एवढंच सांगू शकतं.

आणि एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांसाठी. मी फाइलीचं नाव "विहिरी" ठेवलं होतं, देवनागरीत. गिट स्टेटस मारलं तर नावाच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे: ३४०, २४४, २६५, पुन्हा ३४०, २४४... मला वाटलं परत काहीतरी फुटलं. फुटलेलं काही नव्हतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं असतं, आणि गिट इंग्रजीपलीकडचे बाइट सवयीने अष्टमान आकड्यांत छापतं. ३४०, २४४, २६५ म्हणजे आपला व. गिट कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ हे फॉल्स केलं की नाव मराठीत दिसू लागतं. टर्मिनलच्या चौकटीत वेलांट्या आणि जोडाक्षरं कधी कधी अजूनही विस्कटतात, कारण तिथे प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचं घर दिलेलं असतं आणि आपली अक्षरं तशा घरांत मावत नाहीत. दिसणं विस्कटतं, मजकूर विस्कटत नाही. फाइलीच्या नावात जागा सोडली तर मात्र खरा त्रास: "मे मोजणी" म्हटलं की शेलला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात, नाव अवतरणात घालावं लागतं. मी आता जोडरेघ देते, आणि नाव हाताने पूर्ण लिहितच नाही; दोन अक्षरं लिहून टॅब दाबला की उरलेलं ते भरतं.

दिवाळीत गावी गेले तेव्हा लॅपटॉप सोबत होता. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ओट्यावर बसून मी त्यांना गिट लॉग दाखवला. प्रत्येक नोंदीला नंबर, करणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ, आणि खाली मी मराठीत लिहिलेला संदेश. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक वाचत गेले. मग विचारलं, "प्रमाणित कोण करतं?"

मला वाटलं होतं ते म्हणतील छान आहे, किंवा म्हणतील कळत नाही. त्यांनी थेट नाडीवर बोट ठेवलं. फेरफार तलाठ्याने लिहिला म्हणजे तो झाला असं नसतं. नोंदीची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. तेव्हा कुठे सातबाऱ्यावर अंमल होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५०. हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

मी त्यांना ब्रँच सांगितली. मूळ धाग्याला हात न लावता बाजूला एक फाटा काढायचा, त्यावर आपल्या दुरुस्त्या करायच्या, मग दुसऱ्या कुणी त्या बघायच्या, आणि पटल्या तर मूळ धाग्यात मर्ज करायच्या. "म्हणजे चावडीवर लावता," ते म्हणाले. "हो." "मुदत किती?" मुदत आमच्याकडे नव्हतीच. ती मुलगी आणि मी समोरासमोर बसतो, ती "बघितलं" म्हणते आणि मर्ज होतं. अण्णांना ते आवडलं नाही. "समोरच्या माणसाला नाही म्हणायला वेळ लागतो, बाळ. त्याला घरी जाऊन विचार करू द्यावा." परत आल्यावर आम्ही नियम केला: आकडे बदलणारी कुठलीही ब्रँच दोन रात्री थांबेल. त्यानंतर दोन चुका या थांबण्यात सापडल्या आहेत.

त्यांचा पुढचा प्रश्न: "दोघांनी एकाच ओळीवर वेगवेगळं लिहिलं तर?" तर गिट थांबतं. दोन्ही मजकूर फाइलीत एकाखाली एक ठेवतं, वर-खाली सात-सात बाणांच्या खुणा करून, आणि म्हणतं, तुम्ही ठरवा. त्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. पहिल्यांदा झाला तेव्हा माझ्या हाताला घाम आला होता. अण्णा म्हणाले, "मग ते सहा-अ." गाव नमुना सहा-अ, विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. त्यांच्या आवाजात जराही भीती नव्हती. तंटा हा दप्तराचा बिघाड नसतो, त्यासाठी वेगळी वही असते. त्यानंतर मलाही कॉन्फ्लिक्टची भीती वाटली नाही.

पण तुलना सगळीकडे चालत नाही, आणि जिथे ती मोडते तिथे गिट मला जास्त समजलं. फेरफार बदल लिहून ठेवतो. गिट बदल साठवत नाही. दर कमिटला सगळ्या फाइलींचं त्या क्षणीचं पूर्ण चित्र ठेवतं आणि फरक विचारला की दोन चित्रं ताडून काढून देतं. दुसरं, नंबर. फेरफाराचे नंबर एक, दोन, तीन असे ओळीने पडतात. गिटचा नंबर चाळीस अक्षरांचा असतो, शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतला, आणि तो कुणी देत नाही. तो हिशेबाने निघतो. फाइलींचा मजकूर, करणाऱ्याचं नाव, वेळ, संदेश आणि मागच्या कमिटचा नंबर या सगळ्यांतून. म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीतला एक स्वल्पविराम बदलला तरी तिचा नंबर बदलतो, आणि तिच्या पुढच्या सगळ्या नोंदींचे बदलतात. गुपचूप मागे जाऊन पान बदलणं लपत नाही. हे ऐकताना अण्णा बराच वेळ गप्प होते. दप्तरात पानं बदलण्याच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या आहेत.

तिसरं, प्रती. "दप्तर भिजलं तर?" त्यांनी विचारलं, वाळवी आणि गळकं छप्पर यांच्याशी त्यांनी आयुष्यभर झुंज दिली आहे. मी म्हटलं, जो क्लोन करतो त्याच्याकडे सगळं दप्तर जातं, पहिल्या नोंदीपासून. माझ्याकडे आहे, तिच्याकडे आहे, सर्व्हरवर आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि ती गरजेतून आली. आवृत्त्या सांभाळायची साधनं आधीपासून होती. मार्क रॉचकाइंड यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ साली एससीसीएस लिहिलं, वॉल्टर टिची यांचं आरसीएस १९८२ चं. पण लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीचा गाभा लिहिणारे लोक जगभर पसरलेले होते. ते २००२ पासून बिटकीपर नावाची एका कंपनीची प्रणाली वापरत होते, आणि २००५ च्या एप्रिलमध्ये तिचा फुकट वापर बंद होण्याची वेळ आली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच लिहायला घेतलं. त्या वर्षी ७ एप्रिलला, काम सुरू केल्यापासून काही दिवसांत, गिटची पहिली नोंद गिटमध्येच झाली. जुलैत त्यांनी ते काम जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवलं, आणि हमानो यांनी ते पुढे वर्षानुवर्षं सांभाळलं. सुरू करणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मला दप्तर सांभाळणाऱ्यांबद्दल जास्त ओढ वाटते. ती वारशातून आली असणार.

एका बाबतीत माझं मत ठाम आहे. गिटमध्ये इतिहास पुन्हा लिहिता येतो. शेवटची नोंद बदलणारं अमेंड आहे, नोंदी नव्याने रचणारं रीबेस आहे, आणि सर्व्हरवर जबरदस्तीने ढकलायचं फोर्स पुशही आहे. अजून कुणाला न दाखवलेल्या नोंदी नीटनेटक्या करायला पहिली दोन वापरावीत, मीही वापरते. पण दुसऱ्याने घेतलेली नोंद बदलू नये. चूक सापडली तर गिट रिव्हर्ट आहे. ते जुनी नोंद पुसत नाही, तिच्या उलट परिणामाची नवी नोंद करतं. अण्णांच्या त्याच संहितेत लेखनप्रमाद दुरुस्त करायचं कलम आहे, १५५, आणि त्याखाली आदेश झाला तरी त्याचा अंमल नव्या फेरफारानेच होतो. चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही. आणखी एक, खास नवशिक्यांसाठी: कमिट केलेलं सहसा हरवत नाही. रिसेट करून नोंद उडवली असं वाटलं तरी रिफ्लॉग नावाच्या यादीत तिचा माग निदान काही आठवडे राहतो. हरवतं ते कमिट न केलेलं. म्हणून लहान लहान, वारंवार. सॉर्टच्या त्या दुपारी माझ्याकडे एक कमिट असतं, तर गिट रिस्टोअर आणि फाइलीचं नाव, एवढ्यात सगळं परत आलं असतं.

कोणती ओळ शेवटी कुणी, कोणत्या नोंदीने बदलली हे सांगणाऱ्या कमांडचं नाव गिट ब्लेम आहे. मला ते नाव आवडत नाही. तेच काम ॲनोटेट या नावानेही होतं, मी ते लिहिते. प्रत्येक ओळीच्या डावीकडे नंबर, नाव, तारीख. तीच ती वर्तुळं.

कमिटचा संदेश कसा लिहावा यावर मी बरंच वाचलं. पहिली ओळ थोडक्यात, मग एक रिकामी ओळ, मग कारण. काय बदललं हे डिफमध्ये दिसतंच. का बदललं हे फक्त माणूस लिहू शकतो. सुरुवातीला मी लिहायचे, "दुरुस्ती". नुसतं एवढंच. आता लिहिते: "थोरली विहीर, मे नोंद बदलली", आणि खाली, "मोजताना मोटर चालू होती असे विहीरमालकांनी फोनवर सांगितले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजले". असं लिहायला मिनिट लागतं. ते मिनिट मला खूप हवंहवंसं झालं आहे.

यंदाच्या मे महिन्यात आमच्या स्वतःच्या विहिरीवर टेप मी सोडला. यादीत तीही आहे, सत्तावीस नंबरला. अण्णा काठी टेकत बांधापर्यंत आले होते. आकडा वहीत घेतला, रात्री फाइलीत भरला, कमिट केलं. दोन दिवसांनी जेवताना अण्णा म्हणाले, "आठ चाळीस कसं लिहिलंस? एवढं खाली नाही पाणी." मी वही काढली. ८.४० हा कठड्यापासूनचा आकडा होता. कठडा पाऊण मीटर. वजा करायचं राहिलं होतं.

मी त्यांच्या शेजारी बसून फाइल उघडली, ८.४० चे ७.६५ केले, ॲड केलं. संदेश काय लिहू विचारलं. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि सांगितलं, थांबत थांबत, मी लिहून घेईन एवढ्या वेगाने: "विहीर क्रमांक २७. कठड्याची उंची ०.७५ वजा करावयाची राहिली होती. खातेदाराने निदर्शनास आणले. दुरुस्त केले." मग म्हणाले, "जुना आकडा आहे ना?"

मी कमिट केलं आणि गिट शो मारलं. वर लाल ओळ, तिच्याआधी उणे. खाली हिरवी. अण्णांनी पडद्यावर बोट ठेवून दोन्ही ओळी वाचल्या, लाल आधी.

"नंबर काय पडला?"

चाळीसातली पहिली सात अक्षरं मी सावकाश सांगितली. त्यांनी खिशातली डायरी काढली, सात अक्षरं एका ओळीत लिहिली, आणि त्यांच्याभोवती वर्तुळ केलं. ते जरा लांबट झालं.